पहिल्या वर्षाचा कौल

मुद्रितशोधकाला इतिहास लिहायला सांगण्यात एक धोका असतो: तो आधी चुका शोधतो. नभोवाणी केंद्राच्या संचालिकेला हे ठाऊक नव्हते असे नाही. पण ‘श्रोत्यांचा कौल’ या पुरस्काराला यंदा पंचवीस वर्षे पुरी होत होती, समारंभात वाटण्यासाठी चाळीस पानांची पुस्तिका हवी होती, आणि पहिल्या मतमोजणीला बसलेल्या तिघांपैकी हयात असलेला तो एकटाच होता. शिवाय त्याला डावलणे सोपे नव्हते. वादाला बसला की तो समोरच्याचे म्हणणे समोरच्यापेक्षाही नीट मांडून दाखवी आणि मग सावकाश, कलमवार त्याची चिरफाड करी. छत्तीस वर्षे छापखान्यात दुसऱ्यांच्या वाक्यांचे काना-मात्रे तपासून त्याचे असे ठाम मत झाले होते, की जगातले निम्मे गैरसमज स्वल्पविराम चुकल्याने होतात आणि उरलेले निम्मे, माणसे दुसऱ्यांदा वाचत नाहीत म्हणून.

इतिहास तसा सरळ होता. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, त्यांतल्या एकीच्या भिंतींना आतून अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. एवढेच ते नभोवाणी केंद्र. तिथली निवेदिका दर गुरुवारी संध्याकाळी सहा ते सात एक कार्यक्रम करी. ज्यांच्या पाठीशी कुठली कंपनी नाही, ज्यांनी आपले गाणे घरात, गोदामात, जिन्याखाली स्वतःच ध्वनिमुद्रित केले आहे, अशांच्या कॅसेटी ती लावी. वर्षाअखेरीस श्रोत्यांनीच सर्वांत आवडलेले गाणे निवडावे, ही कल्पनाही तिचीच. परंतु तिने एक विचित्र नियम घातला. गाणाऱ्याचे नाव सांगायचे नाही. “नाव कळलं की लोक नावाला मत देतात,” ती म्हणे, “आणि आकडा दिला की आकडा लक्षात ठेवतात, गाणं विसरतात.” नाव बंद पाकिटात राही. श्रोत्याने पोस्टकार्डावर गाण्याचे वर्णन करायचे, आणि ते कुठले गाणे हे मोजणाऱ्यांनी ओळखायचे.

त्यामुळे मते म्हणजे एकेक नमुना असे. ‘ज्या गाण्यात बाई मध्येच हसते आणि तरी सूर सोडत नाही, ते.’ ‘बासरीचं, पण आजारी वाटणारं नव्हे, दुसरं.’ ‘ते हो, जे लागल्यावर आमच्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा रेडिओ मोठा करायला सांगितला.’ निवेदिका कार्ड वाची, मुद्रितशोधक गाणे ओळखून सांगे, आणि तिसरे सभासद, चौकातले घड्याळजी, ते कार्ड त्या त्या गाण्याच्या खोक्यात टाकीत. विजेत्याचे पाकीट समारंभात फोडायचे. बाकीची पाकिटे तशीच बंद ठेवून द्यायची. आपण हरलो हे ज्याचे त्यालाच ठाऊक असावे, इतरांना नव्हे. पुढे पोस्टकार्डांची जागा दूरध्वनीने घेतली, दूरध्वनीची संदेशांनी. मतांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर गेली. समारंभाला दिवे आले, पडदे आले. पण वर्णनाचा आणि बंद पाकिटाचा नियम अजून अढळ होता, आणि याच नियमामुळे लोक या पुरस्काराला मानत.

पहिल्या वर्षीचे पाकीट फोडल्यावर निघालेले नाव मुद्रितशोधकाच्या धाकट्या बहिणीचे होते. दोनशे चौदा कार्डांपैकी सत्त्याण्णव तिची, तिच्यामागे बासरीवाला एक्केचाळीस कार्डांवर. ती शिवणकाम करी. दुपारी मशीन चालवता चालवता तिने गाणे म्हटले होते, आणि शेजारणीने टेपरेकॉर्डर खिडकीत ठेवून ते घेतले होते. पहिल्या खेपेलाच भावाने आवाज ओळखला, आणि सरळ निवेदिकेकडे जाऊन तो म्हणाला, “मी मोजणीला बसत नाही.”

“मग कोण बसणार? तुमच्याइतका काटेकोर माणूस मला दाखवा, मी त्याला बसवते.”

तो बसला. बहिणीला झुकते माप जाऊ नये म्हणून इतका कडक राहिला, की तिची वाटणारी पाच कार्डे त्याने ‘मोघम’ म्हणून बादही केली. या गोष्टीचा त्याला पंचवीस वर्षे मनातून अभिमान होता. पुस्तिकेच्या पहिल्या मसुद्यात ती नोंद तळटीपेत आलीही होती.

आता इतक्या वर्षांनी, न ऐकलेल्या गाण्याबद्दल लिहायचे नाही या स्वतःच्याच दंडकापायी, तो केंद्राच्या सामानखोलीत सकाळी दहा वाजता कानांना हेडफोन लावून बसला होता. पहिल्या वर्षीच्या एकोणीस फिती, शेजारी त्या वेळची त्याची टिपणवही. त्याने आधी बहिणीची, म्हणजे बारावी, फीत लावली. शिवणयंत्र आपले पळत होते, कापडाचा कोपरा आला की थबकत होते, आणि त्या थबकण्यात तिचा सूर थोडा लांबत होता. ऐकून त्याला बरे वाटले. वहीत तिच्यापुढे लिहिले होते: ‘स्त्रीचा आवाज, यंत्राची साथ.’

मग सातवी. वहीत ओळ होती: ‘पुरुषाचा आवाज, साथ नाही.’

आवाज जाड आणि दबका, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने लावलेला. शब्द थोडेच: कुणीतरी दार उघडे टाकून गेले आहे, आणि ते आता कुणी लावावे, एवढेच. पण त्या आवाजाखाली दुसरे काहीतरी होते. धाड्-खट्. मग श्वासभर थांबणे. धाड्-खट्. फीत खराब झाली असेल असे समजून त्याने हेडफोन काढले, पुसले, पुन्हा लावले. धाड्-खट्. आणि दर चौथ्या दाबाला एक हलकी उचकी.

ती उचकी त्याने जगाच्या पाठीवर कुठेही ओळखली असती. छापखान्यातल्या ट्रेडल मशीनच्या चाकाचा एक दात तुटलेला होता. जबडा मिटे, कागदावर ठसा उमटे, जबडा उघडे, चालवणारा एका हाताने छापलेला कागद ओढून घेई नि दुसऱ्या हाताने कोरा सारी, आणि चौथ्या फेरीला त्या तुटक्या दाताची उचकी लागे. मुद्रितशोधकाची काचेची खोली तिथून पंधरा पावलांवर होती. रोज नऊ तास, वर्षानुवर्षे, तो आवाज त्याच्या कानांवर आदळत आला होता. इतका, की तो त्याला ऐकू येईनासा झाला होता. छापखाना बंद होऊन आता बारा वर्षे झाली होती. एवढी शांतता मिळाल्यावर आज प्रथमच त्याला ते मशीन ऐकू आले.

त्याने फीत थांबवली. कारण ती सत्त्याण्णव कार्डे त्याला आठवली. निवेदिका वाची, ‘ते मशीनचं गाणं,’ आणि तो दुसऱ्या क्षणी म्हणे, “बारावी फीत.” त्याच्या लेखी मशीनचे गाणे एकच होते. एकदा घड्याळजींनी हातातले कार्ड खोक्यावर धरून ठेवले होते.

“मला दोन मशिनं वाटतात हो,” ते म्हणाले होते. “एक पळतं, एक चालतं.”

“दुसरं कुठलं? फीत सांगा.”

“फीत नाही आठवत. पण वाटतात.”

“वाटण्यावर मोजणी होत नाही, घड्याळजी.” आणि पुढे त्याने पुराव्याचे स्वरूप या विषयावर दहा मिनिटे ऐकवले होते. दोघांना शंका आली तरच फीत पुन्हा लावायची, असा नियम होता. निवेदिकेला शंका आली नाही. तिचा त्याच्यावर विश्वास होता. घड्याळजींनी कार्ड सोडले. आता ते दोघेही नव्हते, आणि जिंकलेला वाद त्याच्या गळ्यात होता.

कार्डे बुटांच्या खोक्यांत जपून ठेवलेली होती. त्याने ती सत्त्याण्णव कार्डे टेबलावर मांडली आणि प्रत्येक तीनदा वाचले. ‘कुणीतरी जड दार लावतंय असा ठेका’, ‘यंत्र मधेमधे श्वास घेतं ते गाणं’, ‘तो माणूस कारखान्यात आहे का?’, अशी अठ्ठावन्न निघाली. ‘शिलाई’, ‘सुई’, ‘आमच्या आईच्या मशीनसारखं’, अशी तीस. नऊ कशीही लागत. म्हणजे ती नऊच्या नऊ दिली तरी बहिणीची एकोणचाळीस होत होती. बासरीवाल्याची एक्केचाळीस होती. ती पहिली नव्हती, दुसरीही नव्हती.

सातव्या फितीचे पाकीट खोक्याच्या तळाशी होते, लाखेसकट. ते फोडण्याची त्याला गरज नव्हती. ते मशीन एकच माणूस चालवीत असे. सगळा छापखाना त्याला मामा म्हणे. फारसे न बोलणारा, कामाला चोख. मामा गातात हे त्याला माहीत नव्हते.

समारंभाला आठ दिवस होते. पुस्तिकेचा मजकूर चार दिवसांत द्यायचा होता. त्यात काहीच लिहिले नाही तर कुणाला काही कळणार नव्हते. आणि खरे लिहिले तर लोक काय म्हणतील, तेही त्याने नेहमीच्या सवयीने, लोकांपेक्षाही नीट मांडून पाहिले: मोजणारा भाऊ, जिंकणारी बहीण, आणि याला म्हणे छापखान्याचे मशीन ऐकू आले नाही!

बहिणीच्या घरी तो दुपारी गेला. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, मागच्या खोलीत सतरंजी. पहिल्या वर्षीच्या पुरस्कारानंतर बायका आपल्या मुलींना तिच्याकडे गाणे शिकायला पाठवू लागल्या होत्या, आणि आता संध्याकाळी तीस-तीस मुली त्या सतरंजीवर बसत. कपाटावर लाकडी बैठकीवर बसवलेले पितळी रीळ होते, तोच तो पुरस्कार. यंदाच्या समारंभात तिचा सत्कार होता, आणि ती गाणारही होती.

त्याने सगळे क्रमाने सांगितले. ती बाहीला टाके घालीत होती. हात थांबले नाहीत.

“थोडक्यात, मी पहिली नव्हते.”

“नाही.”

“मग दुसरी?”

“छकू, तिसरी.”

आता हात थांबले. “त्या बासरीवाल्याच्याही खाली?”

“दोन मतांनी. तेही ती नऊ तुझीच धरली तर.”

“शंकेची मी घेत नाही. तीसच म्हण.” तिने दोरा दाताने तोडला. “पंचवीस वर्षं मी मुलींना सांगत आलेय, माझ्यापाशी काही नव्हतं, तरी सत्त्याण्णव माणसांनी कार्ड लिहिलं. एकीनं परवाच विचारलं, बाई, तेव्हा कार्ड केवढ्याला मिळायचं?”

“चूक माझी आहे. तुझं गाणं काही कमी...”

“समजूत घालू नकोस, दादा, तुला ते जमत नाही. तू अशुद्ध बोलायला लागतोस.” ती उठून पाणी प्यायली आणि पाठमोरीच म्हणाली, “तेव्हा मला न विचारता दिलंस, आणि आता न विचारता काढून घ्यायला आलास.”

“विचारायलाच आलोय. छापू की नको?”

“असं विचारतात होय? ‘नको’ म्हणाले तर जन्मभर तू माझ्याकडे चुकलेल्या शब्दासारखा बघशील.” ती वळली. डोळे लाल होते, पण आवाज ताळ्यावर होता. “त्या मामांना सांगितलंस?”

“नाही. म्हटलं, आधी तुला.”

“तिथंच चुकलास. आधी त्यांना सांगायचं. चल.”

“आत्ता?”

“नाही, पन्नासाव्या वर्षी जाऊ!” तिने स्टुलावर चढून कपाटावरचे रीळ खाली काढले, पदराने पुसले आणि पिशवीत घातले.

वाटेत केंद्रात थांबून त्यांनी खोकेही घेतले.

मामांच्या मुलाचे झेरॉक्सचे दुकान होते. मामा आत वेताच्या मोड्यावर बसून कागदांचे गठ्ठे ठोकून सारखे करीत होते. मुद्रितशोधकाला पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

“मास्तर! अजून आहात?”

“तुम्हाला काय वाटलं?”

“मला वाटलं, वर जाऊन चित्रगुप्ताच्या वहीत चुका काढताय. इकडून बोला, डाव्या बाजूनं. उजवा कान मशीनला देऊन टाकला.”

त्याने डाव्या बाजूला बसून सुरुवात केली: नियम, मोजणी, तीन सभासद, फितींचा क्रम. मामांनी दोन गठ्ठे सारखे केले.

“मास्तर, मुद्द्यावर या. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

“अठ्ठावन्न मतांनी पहिली आलेली सातवी फीत तुमची होती.”

“कोण म्हणतं?”

“मशीन म्हणतं. चौथ्या दाबाला उचकी.”

मामांनी हातातले कागद खाली ठेवले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, “गिऱ्हाईक तू बघ.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” बहिणीने विचारले.

“ताई, समारंभाच्या दिवशी रेडिओवर निवेदिकाबाईंनी जिंकलेल्या गाण्याचं एक कार्ड वाचलं. यंत्र मधेमधे श्वास घेतं, असं. मी बायकोला म्हटलं, हे आपलं. शिलाईचं मशीन कुठं श्वास घेतं? ते पळतच असतं. बायको म्हणाली, सदरा बदला, बोलावणं येईल. मी सदरा बदलला. आणि पाकीट फोडलं, तर नाव तुमचं.”

“दुसऱ्या दिवशी मी तुमच्यासमोर होतो,” मुद्रितशोधक म्हणाला. “एका शब्दानं बोलला का नाहीत?”

“दुसऱ्या दिवशी तुम्ही अख्ख्या छापखान्याला चहा पाजलात, बहीण पहिली आली म्हणून. मलाही कप दिलात. मी प्यायलो. चहा पिऊन झाल्यावर काय भांडणार?”

“राग आला नाही?”

“आला की. छापखाना बंद होईस्तोवर होता. तुम्ही प्रूफ घेऊन यायचात, मामा, शाई फिकी आहे, मामा, रेघ तिरकी आहे. मनात म्हणायचो, ह्या माणसाला तिरकी रेघ दिसते!”

मुद्रितशोधकाने टिपणवही उघडून ती ओळ त्यांच्यापुढे धरली. ती दाखवायलाच हवी होती असे नव्हे. पण पुरावा दडवणे त्याच्या स्वभावात नव्हते. मामांनी चष्मा लावून वाचले. ‘साथ नाही.’ पुन्हा वाचले. आणि मग त्या अबोल माणसाचा चेहरा जो तापला, तो इतक्या वर्षांच्या शेजारात त्याने कधी पाहिला नव्हता.

“साथ नाही? माझं सोडा हो. मी हळूच म्हणायचो. कुणाला ऐकू जाऊ नये, म्हणूनच तिथं म्हणायचो. पण मशीन? एवढं धूड पंधरा पावलांवर दिवसभर बोंबलतंय, चांगलं अठ्ठावन्न माणसांना रेडिओतून ऐकू गेलं, आणि तुम्ही लिहिता, साथ नाही?”

“नाही ऐकू आलं, मामा.”

“अहो, मी त्याच्या अंगानं गायचो! ते थांबायचं तिथं मी श्वास घ्यायचो.”

“आता कळलं.”

“आता!” मामांनी वही मिटून त्याच्या हातात दिली.

बहिणीने पिशवीतून रीळ काढून मोड्याशेजारी ठेवले. मामांनी ते उचलून वजन पाहिले, उलटेपालटे केले.

“ह्याच्यावर नाव कुणाचं कोरलंय?”

“माझं.”

“मग घरी न्या. मी काय घासत बसू?” त्यांची नजर खोक्यावर गेली. “त्यात काय आहे?”

“कार्डं,” मुद्रितशोधक म्हणाला. “तुमची अठ्ठावन्न.”

“ठेवलीत?” मामांनी हात पुढे केला, मग मागे घेऊन सदऱ्याला पुसला आणि पुन्हा पुढे केला. “द्या. ते माझं टपाल आहे.”

अक्षरे पुसट झाली होती. बहीण त्यांच्या डाव्या बाजूला सरकली आणि एकेक कार्ड मोठ्याने वाचू लागली. आपल्या नावावर पंचवीस वर्षे जमा असलेली माणसे ती एकेक करून त्यांच्या हवाली करीत होती, आणि मामा प्रत्येक कार्ड ऐकून ‘हं’ म्हणत, हातात घेत, मांडीवर ठेवीत. ‘माझा मुलगा ऐकता ऐकता दार लावून आला,’ हे ऐकून ते हसले. एका कार्डावर नुसते लिहिले होते, ‘दबक्या आवाजाच्या माणसाला सांगा, ऐकू येतंय.’ ते त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावले.

मग ती नऊ आली.

“ह्यात ‘चाक’ लिहिलंय,” बहीण म्हणाली. “चाक दोन्ही मशिनांना.”

“माझं मोठं.”

“माझंही काही बांगडीएवढं नाही, मामा.”

“बरं, मास्तरांना विचारा.”

दोघांनी त्याच्याकडे पाहिले. त्याने कार्ड घेतले, उजेडाकडे धरले, तीनदा वाचले. “मला ठरवता येत नाही,” तो म्हणाला.

“मग ही नऊ केंद्राकडे,” मामांनी निकाल दिला. “पण तुमची तीस घेऊन जा, ताई. तेही टपालच.”

निघताना मुद्रितशोधकाने नावाचा विषय काढला. इतिहासात नाव यायला हवे. नाव नसेल तर दुरुस्ती अपुरी. मामांनी मान हलवली.

“पाकीट फोडलंत?”

“नाही.”

“फोडायचं नाही. जिंकणाऱ्याचंच फोडायचं, असा नियम होता ना?”

“तुम्ही जिंकलात, हेच तर सांगतोय!”

“तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा मी सदरा घालून बसलो होतो. आता नाव निघालं की सुनेला कळणार मी गातो. मग शेजाऱ्यांना. मग कुणाचाही वाढदिवस आला की, बाबा, म्हणा ना, म्हणा ना. नको. कुणी ओळखणार नाही ह्या बोलीवर मी फीत दिली होती. ती बोली तरी पाळा.”

मुद्रितशोधकापाशी याला तीन उत्तरे होती, आणि तिन्ही सबळ होती. त्याने ती स्वतःपाशीच ठेवली.

पुस्तिकेतला मजकूर त्याने त्याच आठवड्यात दिला. संचालिकेचा दूरध्वनी आला. “जरा मवाळ करता येईल का? ‘तांत्रिक कारणाने’ असं काही?”

“तांत्रिक काही नव्हतं. मी ऐकलं नाही.”

“लोक तुमच्याविषयी काय म्हणतील, याचा विचार केलात?”

“केला. तुमच्यापेक्षा नीट केला.”

तेव्हा सतराव्या पानावर जसेच्या तसे छापले गेले: ‘पहिल्या वर्षीचा कौल चुकीचा मोजला गेला. श्रोत्यांनी सातव्या फितीला अठ्ठावन्न मते दिली होती. ती बाराव्या फितीच्या खात्यात गेली. बारावी फीत प्रस्तुत लेखकाच्या बहिणीची होती. एका सभासदाने शंका काढली होती. प्रस्तुत लेखकाने ती वाद घालून मोडून काढली. सातव्या फितीचे पाकीट गायकाच्या इच्छेनुसार बंद आहे.’ पाच कार्डे बाद केल्याची तळटीप त्याने काढून टाकली.

समारंभ रविवारी सकाळी अकराला, एका शाळेच्या सभागृहात झाला. दारातच पुस्तिका वाटल्या गेल्या, आणि पहिल्या सत्कारापूर्वीच कुजबुज सुरू झाली. मुद्रितशोधकाच्या पाठीमागच्या रांगेत कुणीतरी म्हणाले, “सख्खी बहीण. आणि म्हणे ऐकू आलं नाही!” त्याला वळून बोलायचे होते. त्याने पुस्तिका उघडली आणि सतरावे पान पुन्हा वाचले. त्याच्या उजव्या हाताला मामा बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. आणि त्यांच्या पलीकडे एक अनोळखी बाई.

बहीण मंचावर गेली. सत्काराची शाल तिने घेतली नाही. “मी तिसरी आले होते,” ती म्हणाली, “तीस मतांनी. तीसही पुष्कळ होतात. ती माणसं आता माझ्या घरी आहेत. पहिलं आलेलं गाणं मी म्हणू शकत नाही, ते त्यांचंच आहे. तुम्ही ऐका.” ती खाली येऊन पहिल्या रांगेत बसली, आणि तिच्या मुली तिच्या दोन्ही बाजूंना सरकल्या.

सातवी फीत लागली. धाड्-खट्. सभागृह हळूहळू गप्प झाले. मोठ्या ध्वनिक्षेपकांतून ते मशीन जमिनीतून आल्यासारखे येत होते, आणि त्याच्यावर तो दबका आवाज, दार उघडे टाकून गेलेल्या माणसाबद्दल विचारीत. मामांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर बोटे टेकवली होती. मशीन थांबे तिथे त्यांची छाती भरत होती.

पलीकडची बाई त्यांच्याकडे झुकली, तसा मामांनी डावा कान तिच्याकडे वळवला. “काय आवाज आहे! असेल का हो हा माणूस अजून?”

“असेल की कुठंतरी,” मामा म्हणाले. “पण मशीन ऐका, मशीन. चालवणाऱ्याचा हात बघा किती सारखा आहे.”

पहिले कडवे संपले. मशीन एकटेच चालत राहिले, चार दाब, आणि एक उचकी. मुद्रितशोधक काहीतरी बोलण्यासाठी मामांच्या डाव्या कानाकडे वाकला. मामांनी बोट ओठांवर ठेवले.

“गप्प बसा, मास्तर. दुसरं कडवं येतंय.”